मकाव पोपटाचे खाणे आणि त्याची निगा



मी अमडापूरचा. चिखलीहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे हे गाव आहे. सारा जन्म मास्तरकीत गेला. मुलांना बाराखडी शिकवली, पाढे शिकवले. पुढे सेवानिवृत्त झालो आणि वाटले, आता शिकवणे संपले, शिकणेही संपले. परंतु तसे व्हायचे नव्हते. वयाच्या पासष्टीनंतर मला एका पाखराने पुन्हा विद्यार्थी केले. त्याची शाळा कशी भरली आणि तीत मी काय काय चुकलो, ते आज आपल्याला सांगणार आहे.

माझा एक भाचा पुण्याला नोकरीला होता. त्याने २०१९ साली निळ्या-पिवळ्या रंगाचा एक मकाव पोपट विकत घेतला. २०२३ च्या पावसाळ्यात त्याला परदेशी नोकरी लागली. जाताना म्हणाला, "मामा, दोन वर्षे सांभाळा. तुमच्या घराला अंगण आहे, तुम्हांला वेळ आहे." मी हो म्हटले. मनात विचार असा की, पोपटच तो. मिरची आणि पेरूची फोड दिली की झाले!

पिंजरा अंगणात उतरला तेव्हा निम्मी आळी गोळा झाली. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फुटांचा पक्षी. पाठ निळी, पोट हळदीसारखे पिवळे, चोच काळीभोर. एक म्हातारबुवा बराच वेळ निरखून म्हणाले, "गुरुजी, हा राघू हाय का राघूचा आजा?" सगळे हसले. तेव्हापासून त्याचे नाव आजोबाच पडले. त्या वेळी तो अवघा चार वर्षांचा होता, ही गोष्ट निराळी.

आता हा पक्षी मूळचा कुठला? तो दक्षिण अमेरिकेतला. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या देशांतल्या घनदाट रानात आणि पाणथळ ताडबनांत तो राहतो. वाळलेल्या ताडाच्या पोकळीत घरटे करतो. अंडी दोन-तीन. सुमारे चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांना उडता यायला आणखी तीन महिने लागतात. नर-मादीची जोडी वर्षानुवर्षे टिकते. थव्यातसुद्धा दोघे पंखाला पंख लावून उडतात. त्याची चोच कठीण कवचाची फळे फोडण्यासाठी घडलेली आहे. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे तो घास हातात धरावा तसा पायात धरून खातो. पेरू देशात नदीकाठच्या दरडींवर हे पक्षी शेकड्यांनी जमून माती खातात. त्यांच्या रानातल्या अन्नात मीठ कमी असते, ते त्या मातीतून मिळते असे अभ्यासक मानतात. सांगायचा मुद्दा असा की, रानातला मकाव दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात घालवतो. पन्नास तऱ्हेची फळे, बिया, कळ्या, पाने चाखतो. पिंजऱ्यात आपण त्याच्यापुढे एक वाटी ठेवतो आणि म्हणतो, खा!

मीही तेच केले. सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. शिवाय माझ्या चहाच्या वेळी तो मान हलवून ओरडायचा, म्हणून बशीत भिजवलेले बिस्किट. लोक कौतुकाने पाहायचे. पाखरू चहा पिते! मलाही त्याचे भूषण वाटायचे. आठ महिने हे चालले. मग त्याच्या पंखांवरची झळाळी गेली. नाकपुड्यांतून पाणी येऊ लागले. तो शिंकू लागला. पुढे छातीवरची पिसे तो स्वतःच्या चोचीने उपटू लागला. एके दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिवळ्या पिसांचा सडा पडलेला आणि आजोबा अंग फुगवून, डोळे मिटून दांडीवर बसलेले. माझ्या काळजात धस्स झाले. दुसऱ्याची ठेव माझ्या हातून जाते की काय!

त्याला घेऊन अकोला गाठले. तिथल्या पशुवैद्यांनी त्याचे तोंड उघडून पाहिले. आत पांढरे चट्टे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?" मी अभिमानाने सांगितले, "शेंगदाणा कधी कमी पडू दिला नाही." ते म्हणाले, "गुरुजी, एखाद्या मुलाला रोज तिन्ही वेळा नुसती जिलेबी दिली तर त्याचे काय होईल? तेच याचे झाले आहे."

श्रोतेहो, हे वाक्य मी विसरलो नाही. सूर्यफूल आणि शेंगदाणा यांत तेल भरपूर. परंतु अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांचा त्यांत दुष्काळ. अ जीवनसत्त्व कमी पडले की तोंडाची, नाकाची, श्वासनळीची आतली त्वचा बिघडते आणि रोग शिरतो. कॅल्शियम कमी पडले की हाडे ठिसूळ होतात. तेल जास्त झाले की यकृतावर चरबी चढते. पाखरू मात्र आवडीने तेच खाते, कारण रानात चरबीचे अन्न कष्टाने मिळते आणि दिसले की खाऊन घ्यायचे, ही त्याची उपजत सवय. आवडते म्हणजे मानवते असे नाही. हे आपल्या मुलांच्या बाबतीत आपल्याला कळते, पाखराच्या बाबतीत कळत नाही.

तेव्हा आता मी काय देतो, ते सांगतो. माझा पक्षी वजनाने एक किलोच्या आसपास आहे. त्याला दिवसाकाठी सगळे मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम अन्न पुरते. यातले साधारण निम्मे पोपटांसाठी तयार मिळणारे गोळीखाद्य असते. ते शहरातून आणावे लागते. उरलेल्यात भाज्या पहिल्या. गाजर, लाल भोपळा म्हणजे आपल्याकडचे कोहळे, शेवग्याचा पाला, मेथी, ढोबळी मिरची. हिरवी मिरचीही चालते. पाखरांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. मग थोडी फळे. पोपई, पेरू म्हणजे आपला जाम, डाळिंब, बी काढलेला सीताफळाचा गर. मग शिजवलेली ज्वारी, मूग, हरभरा. मीठ नाही, तेल नाही, फोडणी नाही. मोड आलेले मूग-मटकी दिले तर ते ताजे असावेत. आंबूस वास आला की टाकून द्यावेत. अक्रोड किंवा बदाम एक-दोन. मकावला इतर पोपटांपेक्षा स्निग्ध अन्न थोडे अधिक लागते, म्हणून ते द्यायचे, परंतु मोजून. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला समुद्रफेसाचा तुकडा अडकवलेला असतो. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा थोडा भाग.

जुनी सवय एका दिवसात मोडू नये, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी मी गाजर ठेवले तर त्याने ते वाटीसकट खाली फेकले. पशुवैद्यांनी बजावले होते, उपाशी ठेवून शिकवू नका, पाखरू हट्टाने मरेल. म्हणून बिया दर आठवड्याला थोड्या कमी केल्या आणि भाजी थोडी वाढवली. मी त्याच्यासमोर बसून स्वतः गाजर खाऊ लागलो. आपल्यासमोर कुणी चवीने खात असले की त्याला राहवत नाही. पावणेतीन महिने लागले. वर्गात बेचा पाढा बसवायलासुद्धा मला एवढा वेळ कधी लागला नव्हता!

आता काय देऊ नये, ते नीट ऐका. चहा, कॉफी आणि चॉकलेट अजिबात नको. ही पाखराच्या हृदयाला घातक आहेत. ॲव्होकॅडो नावाचे फळ आता शहरांत मिळू लागले आहे, ते पोपटाला विषासारखे आहे. कांदा, लसूण, खारवलेले पदार्थ, फरसाण, दारू नको. सफरचंदाच्या बिया काढून टाकाव्यात. कच्चे सोयाबीन आणि कच्ची कडधान्ये देऊ नयेत. आमच्याकडे घरोघर सोयाबीनची पोती असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि शेंगदाणा किंवा मका द्यायचाच झाला तर बुरशी पाहून घ्यावी. ओल लागलेल्या दाण्यावर जी बुरशी चढते तिचे विष यकृत पोखरते. ते माणसालाही वाईट, पाखराला फारच वाईट. शेतातून आणलेला पाला औषध फवारलेला नाही ना, याची खात्री करून आणि धुऊनच द्यावा.

खाण्याइतकेच हवेचे महत्त्व आहे. पाखराच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे हवेतले विष त्याला आपल्यापेक्षा फार लवकर चढते. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत असत. ती पद्धत १९८६ साली बंद झाली. म्हणून चुलीचा धूर, उदबत्ती, बिडी, डासांची अगरबत्ती यांच्यापासून पिंजरा दूर ठेवावा. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पाखरू काही मिनिटांत मरू शकते. आमच्या घरी आता बिडाचा तवाच चालतो.

पिंजरा एवढा असावा की पंख पूर्ण पसरले तरी गजांना लागू नयेत. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये. चोचीने कुरतडून जस्त पोटात जाते आणि विषबाधा होते. बसायला सरळसोट पाईप नको. कडुनिंबाच्या, जामाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या लावाव्यात, म्हणजे पाय दुखावत नाहीत. पाणी दिवसातून दोनदा बदलावे, कारण हा घास पाण्यात बुडवून खातो आणि पाणी नासते. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. दूरदर्शनसंचापुढे पिंजरा ठेवू नये. आणि आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा! पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की पाखरू चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. अशा वेळी सावलीत न्यावे, पंखांवर साध्या पाण्याचा फवारा द्यावा. बर्फाचे पाणी ओतू नये.

आपण विचाराल, पिसे का उपटत होता? अन्न हे एक कारण. दुसरे कारण एकटेपणा. थव्यात राहणारा जीव, त्याला आम्ही ओसरीच्या कोपऱ्यात एकटे टाकले. वाटीत अन्न तयार, मग दिवसभर करायचे काय? आता मी त्याचे अन्न लपवतो. मक्याच्या कणसाच्या पानात दाणे गुंडाळतो, ज्वारीच्या ताटाच्या मोळीत बदाम खोचतो, नारळाच्या करवंटीत भाजी भरतो. तो तासन् तास सोलत, फोडत बसतो. रोज तास-दोन तास पिंजऱ्याबाहेर असतो, त्या वेळी दारे-खिडक्या लावून मी जवळ असतो. लहान मुलांनी मात्र बोट पुढे करू नये. जी चोच अक्रोड फोडते, तिला बोट काय जड!

आजारी पाखरू आजार लपवते, हे लक्षात ठेवावे. रानात जो दुबळा दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, म्हणून ही सवय. आपल्याला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. यावर उपाय एकच, तराजू. मी दर रविवारी त्याचे वजन करून वहीत लिहितो. वजन दहावा हिस्सा घटले की पशुवैद्य गाठायचा. विष्ठेवरही लक्ष ठेवावे. तिचा रंग किंवा पातळपणा दोन दिवस बदललेला दिसला तर थांबू नये. आणि आपली काळजीही घ्यावी. पोपटांपासून माणसाला होणारा एक ताप आहे, तो फुप्फुसांना धरतो. पिंजरा साफ करताना तळाचा कागद ओला करावा, तोंडाला फडके बांधावे, नंतर साबणाने हात धुवावेत. तोंडातला घास पाखराला भरवू नये.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सारे बोलायला आलो, तिच्याकडे वळतो. माझ्याबरोबरच्या शिक्षक मंडळींनी ती विशेष ऐकावी.

फेब्रुवारी महिन्यात राघूंची वीण असते. एके दुपारी पाचवीतला एक मुलगा धापा टाकत माझ्याकडे आला. सदऱ्याच्या ओच्यात काहीतरी झाकलेले. म्हणाला, "गुरुजी, हा माहा राघू. याच्यासाठी पिंजरा करून द्या ना." पाहतो तर आपल्या देशी राघूचे पिल्लू, अंगावर नुकती हिरवी पिसे फुटलेली. शिवारातल्या कडुनिंबाच्या ढोलीतून काढले होते. मी म्हटले, "बाळ, हे आपल्याला ठेवता येत नाही. गुन्हा आहे तो." त्याने माझ्या अंगणातल्या पिंजऱ्याकडे बोट केले आणि विचारले, "तुमच्या घरी हाय, मंग माह्या घरी काहून नाई?"

श्रोतेहो, चाळीस वर्षे मुलांना उत्तरे दिली, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आधी आम्ही ते पिल्लू परत नेले. एका गड्याने शिडी लावून ढोलीत ठेवले. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही असे आपल्याकडे म्हणतात, ते खरे नाही. आम्ही दूर बांधावर बसलो. ऊन उतरल्यावर मादी आली, ढोलीच्या तोंडाशी क्षणभर थबकली आणि आत शिरली. मुलगा टाळ्या वाजवायला निघाला, मी त्याचा हात धरला.

परत येताना त्याला कायदा समजावून सांगितला, तो असा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. आपला देशी राघू पकडणे, विकणे, घरी ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मकाव परदेशी. त्याच्या व्यापारावर १९७३ सालच्या एका आंतरराष्ट्रीय कराराची बंधने आहेत. भारत त्या करारात १९७६ साली सामील झाला. २०२२ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती होऊन हे परदेशी प्राणीही त्याच्या कक्षेत आले आणि २०२४ साली नोंदणीचे नियम निघाले. असा पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पिल्लू झाले, पक्षी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावे लागते. माझ्या भाच्याने २०२० सालच्या ऐच्छिक योजनेत माहिती दिली होती, पुढे मी नव्या नियमांखाली रीतसर अर्ज केला. म्हणून माझ्याकडचा पक्षी कायद्यात बसतो.

मुलाने ऐकून घेतले. मग म्हणाला, "पण गुरुजी, पाखराले कुठं कायदा समजते?"

त्याचे म्हणणे बरोबर होते. कायद्याने फरक आहे. पाखराच्या बाजूने पाहिले तर फरक फारच थोडा आहे. एक आपल्या कडुनिंबाचा, दुसरा कुणाच्या तरी ताडाचा. ब्राझीलमध्ये स्पिक्स मकाव नावाचा निळा पक्षी होता. त्याचे रान तुटले आणि उरलेले पक्षी शौकिनांसाठी पकडून नेले. रानातला शेवटचा ज्ञात पक्षी २००० साली दिसेनासा झाला. पुढे पिंजऱ्यांत वाढवलेले काही पक्षी २०२२ साली पुन्हा त्या रानात सोडावे लागले. एका पिढीच्या हौसेची भरपाई पुढच्या पिढीला करावी लागते ती अशी. आजोबाला मात्र मी सोडू शकत नाही. पिंजऱ्यात जन्मलेला, माणसाच्या हाताने वाढलेला हा जीव आपल्या शिवारात दोन दिवसही जगायचा नाही. तेव्हा त्याला नीट सांभाळणे हेच माझ्या हाती आहे. परंतु त्याला पाहून कुणी दुसरा मकाव आणू नये, एवढे सांगणेही माझ्या हाती आहे.

कारण हिशेब करा. चांगली निगा राहिली तर हा पक्षी पन्नास-साठ वर्षे जगतो. माझा भाचा दोन वर्षांचे सांगून गेला, तो आता तिकडेच स्थायिक झाला आहे. मी सत्तरीकडे चाललो. आजोबाची तर अजून उमेदही सुरू झालेली नाही! बैल घेताना आपण दात पाहतो, त्याचे किती दिवस आहेत हे मोजतो. हे पाखरू घेताना आपले स्वतःचे किती दिवस उरले आहेत ते मोजावे लागते.

माझी एक पुतणी चिखलीला असते. तिशीतली आहे, पाखरांची तिला आवड आहे. मी तिला विचारले, "माझ्यानंतर याला घेशील का?" ती म्हणाली, "काका, तुम्ही विचारलेत म्हणून हो म्हणते, पण त्याला विचारायला हवे." तेव्हापासून ती दर रविवारी येते. गाजर चिरते, वजन करते, वहीत लिहिते. पहिले सहा महिने त्याने तिला जवळ येऊ दिले नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास एकदा त्याने आपणहून मान खाली घातली आणि तिच्या बोटांनी डोके खाजवून घेतले. त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली.

आणि तो मुलगा? त्याने शाळेच्या मागच्या कडुनिंबाखाली फुटक्या मडक्याच्या बुडात पाणी ठेवायला सुरुवात केली आहे. उन्हाळ्यात तिथे राघू येतात, साळुंक्या येतात. शिक्षक मित्रांनो, आपल्या वर्गात असा एखादा मुलगा असतोच. त्याच्या हातचे पिल्लू घेताना त्याला रागावू नका. त्याला ढोलीपर्यंत घेऊन जा आणि आई परत येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.

इतके सांगून आपली रजा घेतो. आजोबाच्या गाजराची वेळ झाली आहे. नमस्कार.